चाउडरची खटपट

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की सुरेखाबाईंनी स्वतःची बाजू गोड करून सांगितली. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तीस वर्षं मुलींच्या शाळेत हिंदी शिकवल्यामुळे कुणाची चूक दिसली की तिला लाल शाईने गोल करायला हात शिवशिवतो. आमच्या ह्यांना विचारा. हे म्हणजे सुमंत, माझे यजमान, रेल्वेतून रिटायर झालेले. विचारलंत तर पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणतील. त्यांचं सगळं बोलणं त्या "हं"मध्ये बसतं.

माझं माहेर ब्रह्माघाटावर, सासर दूधविनायकात. मधे चार गल्ल्या. लग्नानंतर रडत निघाले ती दहा मिनिटांत सासरी पोचले, नीट रडूनसुद्धा झालं नाही. दोन्हीकडची माणसं सहा-सहा पिढ्या बनारसात. त्यामुळे मराठी आमची दरवाज्याच्या आतली. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी सुरू. तरकारीवाल्याशी हिंदी, शाळेत हिंदी, डॉक्टरकडे हिंदी. माझा मुलगा केयूर तर घरातही वाक्य मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. गल्लीतली मराठी घरं एकेक करून पुण्याला, इंदूरला, कुठे कुठे गेली. मराठी बोलायला मला उरलं कोण, तर हे. म्हणजे "हं".

अशात तीन वर्षांपूर्वी रुची सून म्हणून आली. मूळची सांगलीची, बँकेत ऑफिसर. लखनौला पोस्टिंग असताना केयूरशी ओळख झाली, लग्न झालं आणि तिने बनारसची शाखा मागून घेतली. काय तिची मराठी! पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "रुची, छतावर कपडे सुखवून ये जरा." ती हसून म्हणाली, "आई, गच्चीवर वाळत घालू ना?" खरं तर मला राग यायला हवा होता. नाही आला. उलट "गच्ची" हा शब्द दिवसभर तोंडात घोळवत बसले. मग आम्हा दोघींचं रोजचंच झालं. संध्याकाळी ती बँकेतून आली की मटार सोलत बसायचं आणि बोलत सुटायचं. मी बोलायची, ती ऐकायची, वर प्रश्न विचारायची. इतकं बोलणं माझ्यात साठलेलं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

हे मी तिला कधी सांगितलं का? छे! मी तिला काय सांगायची, तर "ओले केस घेऊन बाहेर जाऊ नकोस", "डबा अर्धा का आणलास परत?", "मोजे घाल, फरशी बर्फ झालीय". तेही एवढ्या आवाजात की समोरच्या घरातली मिसराइन खिडकी उघडून बघायची. आमची गल्ली इतकी चिंचोळी की तिच्या खिडकीतून हात लांब केला तर माझ्या ओट्यावरची भाजी ढवळता येईल.

कार्तिकात रुचीला डेंग्यू झाला. अकरा दिवस अंथरुणावर. मी पहाटे पाचला उठून पपईच्या पानांचा रस काढायची, डाळिंब सोलायची, मऊ भात भरवायची आणि भरवताना ओरडायची, कारण ती तिसऱ्या घासाला मान फिरवायची. एका संध्याकाळी तापात ती पुटपुटली, "आई, बाबांच्या हातचं चाउडर खावंसं वाटतंय." मी ऐकलं "चूडा". बनारसात थंडी पडली की घरोघरी चूडा-मटर होतो, म्हणजे मटार घालून केलेले तुपातले पोहे. मी धावत जाऊन तो केला. बिचारीने निमूटपणे दोन चमचे खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तिला त्यांची आठवण आली असेल, इतकंच मला वाटलं.

ती बरी झाली, बँकेत जायला लागली, पण अंगात जोर नव्हता. मग मी तिच्या हाताला काम म्हणून लागू दिलं नाही. सकाळी पाणी तापवायचं मी, डबा मी, तिचे कपडे धुवायला टाकायचे मी, रात्री दुधात हळद घालून वर नेऊन द्यायची मी. ती ओट्याशी आली की म्हणायची, "चल हट! बस तिकडे." ती बसायची. पण हल्ली बोलायची कमी. मटार मी एकटीच सोलायची.

आणि मग पौषात केयूरने बातमी सांगितली. रुचीच्या बँकेत बदलीचे फॉर्म निघाले होते. तीन वर्षं झालेल्यांना आपल्या गावाकडची शाखा मागता येत होती. "सांगली मिल सकता है उसको," केयूर म्हणाला. "मैं तो कहीं से भी काम कर लूँगा. पण आई, तिचं ती ठरवेल. शनिवारपर्यंत भरायचाय." आणि तो कामासाठी तीन दिवस लखनौला निघून गेला.

मी "बरं" म्हटलं आणि आत जाऊन डाळीला दोनदा फोडणी दिली.

तिचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. माझं माहेर चार गल्ल्यांवर, तिचं दोन दिवसांवर. पण ती गेली तर? केयूर जाईल, तो तर जाईलच. सगळ्यांची मुलं गेली, आमचाही जाईल. पण रुची गेली तर संध्याकाळी मी कुणाशी बोलू? "राहा" म्हणायची माझी जीभ नाही. आयुष्यात कुणाला "माझ्यासाठी हे कर" असं म्हटलेलं मला आठवत नाही. मला फक्त करून घालता येतं. म्हणून मी ठरवलं, शनिवारी तिच्या बाबांचं ते जे काय आहे ते करायचं. ती खाईल आणि तिला कळेल.

काय कळेल, ते मात्र मलाही नीट सांगता आलं नसतं.

गुरुवारी मी सांगलीला माझ्या विहीणबाईंना, वीणाताईंना, फोन लावला. माझा चूडा तिने दोन चमच्यांत सोडला होता, तर तिचे बाबा काय वेगळं घालायचे, ते विचारलं. "चूडा नव्हे हो, चाउडर!" त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "सुरेखाताई, हे जहाजावर इंजिनियर होते ना, तिथल्या स्वयंपाक्याकडून शिकून आले होते. सुट्टीवर घरी आले की दर रविवारी करायचे. यांच्या हातचा कागद आहे माझ्या मसाल्याच्या डब्यात. रुचीला ठाऊक नाही. पाठवते." पाच मिनिटांत फोटो आला. हळदीचे डाग पडलेला वहीचा कागद आणि त्यावर मोठं, मोकळं अक्षर.

कॉर्न चाउडर, असं वर लिहिलेलं. म्हणजे मक्याचं दाट सूप, दूध, बटाटे आणि चीज घालून. मी चष्मा लावून वाचलं. लग्नात भेटले तेव्हा कळलं नव्हतं, पण माणूस गमतीदार असावा. "सेलरीचे देठ मिळाले तर घालावेत, न मिळाल्यास रुसू नये," असं लिहिलं होतं. "चीज घातल्यावर उकळी आणू नये, नाहीतर रबर होते व बायको हसते." आणि अगदी खाली, दोन रेघा मारून: "खटपट फार आहे, पण रुचीसाठी करावी."

इथे मी अडखळले. खटपट? खटपट म्हणजे भांडण, कुरबुर. मी आठवीच्या मुलींना दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायची. खटपट होना, अर्थ: झगड़ा होना. वाक्य में प्रयोग: सास-बहू में रोज़ खटपट होती है. वाक्य माझंच, तीस वर्षं तेच. मग इथे सूपाच्या कागदावर भांडण कशाला? विचार केला आणि हसूच आलं. पुरुष स्वयंपाकघरात शिरला, ओटाभर पसारा केला, की बायकोशी खटपट होणारच. तरी लेकीसाठी हा माणूस दर रविवारी शिरत होता. मनातल्या मनात मी वीणाताईंची बाजू घेतली.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. सकाळी धुकं इतकं की मिसराइनची खिडकीसुद्धा दिसत नव्हती. मी शाल गुंडाळून ठेल्यावरून सहा कणसं आणली. ठेलेवाला त्याला अमेरिकन भुट्टा म्हणतो, भाव पण अमेरिकेचाच सांगतो. चीजच्या वड्यांचं पाकीट आणलं, त्यावरची हिरवी टिकली तीनदा बघून घेतली. लोणी घरचं होतं.

मग बसले. कागदावर लिहिलं होतं, दाणे सुरीने उतरवावेत आणि नंतर सुरीच्या उलट्या बाजूने कणीस निपटून त्याचं दूध काढावं. वाचायला एक ओळ, करायला पाऊण तास. दाणे ओटाभर उडाले, दोन ह्यांच्या चष्म्यावर जाऊन चिकटले. तिसऱ्या कणसाला अंगठा कापला. चिंधी बांधून उरलेली तीन उतरवली. मग ती सोललेली कणसं टाकायची नाहीत, पाण्यात घालून अर्धा तास उकळायची, सगळी चव त्या पाण्यात. मी पातेलं चढवलं. खरं सांगते, वास इतका गोड सुटला की मला त्या गेलेल्या व्याह्यांबद्दल एकदम माया वाटली.

पातेलं उकळत होतं तोवर ऊन पडलं. रुची गच्चीवर गेली होती, शाल खालीच विसरून. मी शाल घेऊन वर गेले. ती पाण्याच्या टाकीपलीकडे उन्हात पाठ करून बसली होती, फोनवर, सांगलीला. मी हाक मारणार तोच ऐकलं.

"काय सांगू तुला आई! सकाळी पाचला यांची खटपट सुरू होते ती रात्री दिवे बंद होईपर्यंत. कुणाला सांगून खरं वाटणार नाही. केयूरला काय सांगणार? तो म्हणतो, आईचा स्वभावच तो. मला लाज वाटते गं. माझ्यामुळेच ना हे सगळं? मला नाही बघवत आता. आज फॉर्म भरूनच टाकते. निदान ही खटपट तरी थांबेल."

मी शाल घेऊन तशीच खाली आले. पायऱ्या किती होत्या, कशा उतरले, आठवत नाही.

सकाळी पाचपासून रात्रीपर्यंत भांडते? मी? ओरडते, मान्य. सगळी गल्ली सांगेल. पण भांडते? त्या पोरीशी? जिच्या मोज्यांची काळजी मला तिच्यापेक्षा जास्त? अकरा दिवस जिच्या उशाशी बसले, तिला माझी लाज वाटते! आणि हे सांगलीला सांगायचं, विहीणबाईंना, ज्यांनी परवा मला मायेने कागद पाठवला! संताप संताप झाला. पातेल्याखालचा गॅस बंद केला. दाण्यांचं भांडं उचललं आणि मिसराइनच्या गाईला घालावं म्हणून दारापर्यंत नेलं.

दारात थांबले. अंगठा ठणकत होता. फोनवर तो कागद उघडाच होता, "रुचीसाठी करावी." गेलेल्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? मी स्वतःला बजावलं की हे मी सुनेसाठी करत नाहीये. व्याह्यांसाठी करतेय. ती खाऊ दे आणि जाऊ दे. आणि परत गॅस पेटवला.

लोण्यावर कांदा परतला. रडायला कांद्याचं निमित्त बरं असतं. त्यात दोन चमचे मैदा, लाल न होता भाजला. मग कणसांचं पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडल्या, एरवीपेक्षा जरा जास्तच जोरात मोडल्या. बटाट्याच्या फोडी घातल्या, त्या मऊ झाल्यावर दाणे, मग कणसांचं दूध आणि आमच्या ग्वाल्याचं दूध. थोडं डावाने घोटून दाट केलं. मिरपूड घातली. चीज किसायला घेतलं तर तीन वड्या गायब. हे खुर्चीवर बसून तोंड हलवत होते.

"अहो, मी भांडते का हो?" मी विचारलं.

"हं."

"हं म्हणजे? हो की नाही?"

ह्यांनी जरा विचार केला. "चीज छान आहे," म्हणाले.

असा माणूस. याच्याजवळ मन मोकळं करून मी पुढची वीस वर्षं काढायची होती.

सात वाजता मी तिघांचे वाडगे मांडले. रुची लॅपटॉप घेऊनच टेबलाशी आली. स्क्रीनवर फॉर्म उघडा होता, तिचं नाव भरलेलं, खाली एक निळं बटण. ती वाडग्याकडे बघतसुद्धा नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"आई, तुम्हाला सांगायचं होतं," ती म्हणाली. "आज शेवटची तारीख आहे. मी..."

"भर की," मी म्हटलं. आवाज मुद्दाम खाली ठेवला होता, मी भांडले असं कुणी म्हणायला नको. "माझी काही हरकत नाही. रोजच्या खटपटीतून सुटका होईल."

तिचे डोळे भरले. "हो ना," ती म्हणाली. "तुमची सुटका होईल."

"माझी?"

"तुमचीच. पहाटेपासून खटपट कुणाची असते? तुमचीच ना? माझ्यामुळे. मी गेले की थांबेल."

तोंडावर! माझ्या घरात, माझ्या टेबलावर, तोंडावर सांगत होती. आता मात्र माझा आवाज जिथे जायचा तिथे गेला. "म्हणजे खटपट सगळी माझी? तुझी काहीच नाही?"

"माझी कुठून असणार?" आता तिचाही आवाज चढला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही मला करूच देत नाही!"

मी चमकले. "करू देत नाही म्हणजे? तुला करायचीय? माझ्याशी?"

"तुमच्याबरोबर! निदान निम्मी तरी! मी ओट्याशी आले की चल हट म्हणता. मला किती वाईट वाटतं, माहितेय? मी काय पाहुणी आहे इथे?"

मला काही कळेना. कुठली सून सासूकडे निम्मं भांडण मागते? ह्यांनी पेपर खाली ठेवला. ही एवढी मोठी घटना होती की आम्ही दोघी बोलायचं सोडून तिकडेच बघायला लागलो. तेवढ्यात रुचीची नजर वाडग्यावर गेली. तिने वास घेतला. चमचा उचलला, एक घोट घेतला, आणि तसाच तोंडात धरून बसली. मग माझ्या अंगठ्याच्या चिंधीकडे बघितलं, ओट्यावर पडलेल्या सहा सोललेल्या कणसांकडे बघितलं.

"बाबांचं चाउडर," ती म्हणाली. आणि रडायलाच लागली. "आई, काय हे! या सूपासाठी केवढी खटपट केलीत तुम्ही!"

"काहीतरीच बोलू नकोस," मी म्हटलं. "सूपाशी कोण खटपट करेल? वेडी आहे का मी?"

ती रडता रडता थांबली. "सूपाशी?"

"मग? सूपाशी कशाला भांडेन मी?"

"भांडाल?"

"खटपट म्हणजे भांडण नाही तर काय?"

रुची माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. आणि मधे ह्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "चार वर्षं भुसावळला होतो," हे म्हणाले. "तिकडे मराठीत खटपट म्हणजे मेहनत. कष्ट. धडपड. हिंदीतली खटपट वेगळी."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"विचारलं कुणी?" हे म्हणाले आणि सूप प्यायला लागले.

माझ्या डोक्यात गच्चीवरचं सगळं बोलणं पहिल्यापासून परत सुरू झालं. सकाळी पाचला यांची खटपट सुरू होते. कुणाला सांगून खरं वाटणार नाही. मला नाही बघवत. अगं बाई! पोर माझं कौतुक करत होती आणि मी तिला मनातून दुपारभर शिव्या घालत होते. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं ते वाक्य आठवलं आणि लाल शाईचं पेन स्वतःवरच चालवावंसं वाटलं. मी तिला गच्चीवरचं ऐकलेलं सांगितलं, काय समजले तेही सांगितलं. ती आधी "अहो आई!" म्हणून ओरडली आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडली. मीही तेच केलं. आवाज किती झाला असेल देवाला ठाऊक, मिसराइनची खिडकी उघडल्याचं मात्र ऐकू आलं.

मग मी फोन काढून कागदाचा फोटो तिच्यासमोर धरला. "हे बघ. तुझ्या आईच्या मसाल्याच्या डब्यात होता."

बाबांचं अक्षर बघून तिने फोन दोन्ही हातांत घेतला. हळूहळू वाचत गेली. सेलरीपाशी हसली. शेवटच्या ओळीपाशी आली तेव्हा वाचवेना तिला, म्हणून मी वाचली. "खटपट फार आहे, पण रुचीसाठी करावी." सकाळपासून दहादा वाचली होती ती ओळ. कळली आत्ता. 

"मी जाणार होते ते तुम्हाला आराम मिळावा म्हणून," रुची म्हणाली. "मला वाटलं, मी तुम्हाला ओझं झाले. तुम्ही काही बोलतच नाही. नुसतं करता आणि रागावता."

"मला तेवढंच येतं," मी म्हटलं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, जीभ जड झाली तरी म्हणून टाकलं. "जाऊ नकोस गं. तू गेलीस तर मला बोलायला कुणी नाही. मला तू लागतेस. कामाला नाही. अशीच."

तिने लॅपटॉप मिटला, उचलून फ्रिजवर ठेवला, कारण टेबलावर जागा हवी होती. मग पातेलं आणून मधोमध ठेवलं आणि आधी माझा वाडगा भरला. "पण एक अट आहे," म्हणाली. "उद्यापासून निम्मी खटपट माझी. चल हट चालणार नाही."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाही."

"बरं बाई."

सूप गार झालं होतं, चीज वर जरा आळलं होतं, आणि मीठ घालायला मी रागात साफ विसरले होते. तिघांनी पातेलं पुसून खाल्लं. फॉर्म पुढच्या वर्षी परत निघतील, मला ठाऊक आहे. तेव्हाचं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी चहा घेत होते तर समोरून मिसराइन वाकली. चेहऱ्यावर काळजी, पण डोळे नुसते चमकत होते. "का बहिनजी, कल साँझ को बड़ा रोना-धोना सुनाई दिया. बहू से कुछ खटपट हो गई का?"

तीस वर्षांची हिंदीची मास्तरीण मी. अर्थ नीट समजावून सांगता आला असता.

"हो गई, मिसराइन," मी म्हटलं. "और अब तो रोज होगी. आधी वो करेगी, आधी मैं."

मिसराइनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तेवढ्यात मागून रुचीचा आवाज आला, चांगला मोठा, गल्लीभर ऐकू जाईल असा. "आई, व्हा बाजूला! कणीक आज मी मळणार!"

"चल हट" अगदी ओठांवर आलं होतं. मी चहाचा घोट घेऊन ते गिळलं आणि बाजूला झाले.